पाते सोडणे, पाते बांधणे

गणपती तीन आठवड्यांवर आले होते आणि अण्णांच्या करवतीवर चादर होती. आमच्या कोल्हापूरच्या घरात हे दृश्य नेहमीचे नव्हे. आषाढ सरत आला की मागच्या खोलीतून तिची घरघर सुरू होते आणि घरभर सागवानी भुशाचा वास पसरतो. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून तर गल्लीतली चार-पाच मखरे अण्णांकडूनच जात. प्लायवूडची, जाळी कापलेली, सुटी करून पुढच्या वर्षी पुन्हा जोडता येणारी.

‘‘यंदा नाही जमायचं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘डोळे राहिले नाहीत.’’

मला ते पटले नाही. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आदल्याच वर्षी झाली होती आणि वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती ते चष्म्याशिवाय वाचत होते. म्हणून एके दिवशी मी चादर काढली आणि म्हटले, ‘‘अण्णा, मला एकदा कापून दाखवा ना.’’ त्यांनी दाखवले. पेन्सिलीच्या रेषेवरून पाते केसभरही हलले नाही. पण एक भोक कापून झाल्यावर दुसऱ्या भोकात पाते ओवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी अॅलन की उचलली आणि अंगठ्याच्या बुंध्याशी कळ आल्यासारखा हात झटकला. डोळे ठीक होते. बोटे राहिली नव्हती, आणि तीही कापण्यासाठी नव्हे, फक्त पाते सोडण्या-बांधण्यासाठी.

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघांनी त्या एका स्क्रूच्या मागे घालवले. त्या निमित्ताने या यंत्राविषयी जे वाचले, पाहिले आणि मोजले, ते इथे मांडते. विषय अगदी छोटा आहे, पण जाळीकामाचा अवघा इतिहास त्या छोट्या जागेतून ओवून जातो असे मला आता वाटू लागले आहे.

जाळी म्हणजे काय? सुताराची साधी करवत फळीच्या कडेपासून आत शिरते आणि कडेलाच बाहेर येते. जाळीतल्या भोकाला कड नसते. ते चारही बाजूंनी लाकडाने वेढलेले असते. अशा भोकात करवत न्यायची तर एकच मार्ग आहे. आधी ड्रिलने बारीक छिद्र पाडायचे, पात्याचे एक टोक सोडायचे, ते छिद्रातून ओवायचे, पुन्हा बांधायचे, ताण द्यायचा आणि मग कापायचे. भोक पूर्ण झाले की हे सगळे उलट करायचे. म्हणजे जितकी भोके तितक्या वेळा पाते सुटणार आणि तितक्या वेळा बांधले जाणार. एरवी पाते बदलणे म्हणजे बोथट झालेले काढून नवे लावणे, दिवसातून एखाद-दोन वेळचे काम. जाळी कापणाऱ्याला मात्र तेच पाते दिवसातून शंभर वेळा बदलावे लागते.

आपल्या लिपीत हा प्रश्न घराच्या दारावरच दिसतो. लाकडातून अक्षरे कापून नावाची पाटी करायची म्हटले, तर रोमन ‘एल’ किंवा ‘टी’ बाहेरूनच कापून मोकळे होते. देवनागरीत शिरोरेघ येते आणि तिच्याखाली पोकळ्या बंद होत जातात. क, व, प, म, ठ यांच्या पोटात किमान एक भोक आहे. ब आणि ष यांच्या पोटातून तिरपी रेघ जात असल्याने दोन. वेलांटीची कमान शिरोरेघेला टेकली की तिच्याखाली आणखी एक. ‘श्रमसाफल्य’ हे आपल्याकडच्या बंगल्यांचे लाडके नाव घ्या. म, स, फ आणि य मिळून किमान चार वेळा पाते ओवावे लागते, शिवाय ‘श्र’ कोणत्या वळणाने काढाल त्याप्रमाणे वेगळे. न, र, त, ल ही अक्षरे त्या मानाने सरळ. अण्णा गमतीने म्हणत, पाटी करायला येणाऱ्याचे आडनाव आधी विचारावे आणि मग दर सांगावा.

बारीक पात्याच्या करवतीला मोठा इतिहास आहे. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) हा कारागीर कासवाच्या कवचाचा पत्रा आणि पितळेचा पत्रा एकावर एक ठेवून दोन्ही एकदमच कापत असे. मग कवचाच्या पार्श्वभूमीवर पितळेची नक्षी आणि पितळेच्या पार्श्वभूमीवर कवचाची नक्षी, अशी एकाच कापातून दोन चित्रे मिळत. फर्निचरवरच्या या जडावकामाला आजही त्याचेच नाव आहे. १७६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी याने नकाशे पातळ फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले आणि मुलांना भूगोल शिकवण्यासाठी विकले. आज आपण ज्याला जिगसॉ पझल म्हणतो त्याचा तो पूर्वज. कोड्याला हे नाव मात्र पुढे ज्या करवतीने ते कापले जाऊ लागले तिच्यावरून पडले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही करवत पायावर आली. शिलाईयंत्रासारखी पट्टी पायाने दाबायची, चाक फिरायचे आणि पाते वर-खाली व्हायचे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड इथल्या बार्न्स बंधूंची अशी यंत्रे प्रसिद्ध होती. याच सुमारास जाळीकाम घरोघरचा छंद झाले. इंग्लंडमध्ये १८९५ साली ‘हॉबीज’ नावाचे साप्ताहिक सुरू झाले. त्याच्याबरोबर जाळीकामाचे नमुने मिळत. वाचक ते लाकडावर चिकटवून कापत आणि त्यातून घड्याळांची घरे, फोटोच्या चौकटी, भिंतीवरच्या फळ्या तयार होत.

विजेची मोटर आली तेव्हा यंत्राची रचना बदलली. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकी कारखान्यांत आणि शाळांच्या कार्यशाळांत दिसणारी डेल्टा कंपनीची २४ इंची करवत ही त्या पिढीची प्रतिनिधी. तिचा वरचा बाहू बिडाचा आणि अचल. पात्याचे खालचे टोक मोटर ओढते, वरचे टोक नळीतली स्प्रिंग वर खेचून धरते. ही रचना दणकट, पण स्प्रिंग जितकी ताणली जाईल तितका तिचा ओढ वाढतो. त्यामुळे पात्यावरचा ताण प्रत्येक हेलकाव्यात कमी-जास्त होतो. जाड पात्याला याचे काही वाटत नाही, बारीक पाते मात्र लवकर तुटते.

१९७०च्या दशकात जर्मनीतल्या हेग्नर करवतीने समांतर बाहूंची रचना लोकप्रिय केली. वरचा आणि खालचा असे दोन लांब बाहू मागच्या टोकाला ताणाच्या दांड्याने जोडलेले, पुढच्या टोकांमध्ये पाते. म्हणजे पाते हीच समांतरभुज चौकोनाची चौथी बाजू. दोन्ही बाहू बरोबर हलतात, म्हणून पात्यावरचा ताण हेलकावाभर जवळपास सारखा राहतो आणि केसासारखे पातेही टिकते. अण्णांची करवत याच कुळातली. आतेभावाने अमेरिकेतला मुक्काम हलवताना ती सामानाच्या पेटीतून पाठवली, तेव्हाच ती जुनी होती. १६ इंची, बिडाची, एकाच वेगाची. तिकडच्या ६० हर्ट्झच्या विजेवर मोटर मिनिटाला १,७२५ फेरे घेत असे. आपल्या ५० हर्ट्झवर, ट्रान्सफॉर्मर लावूनही, वेग एक षष्ठांशाने उतरतो आणि सुमारे १,४४०वर येतो. अण्णांना तो संथपणा आवडला होता.

या पिढीच्या यंत्रांत कापण्याचा प्रश्न सुटला होता, पाते बांधण्याचा नाही. पात्यांचे दोन प्रकार असतात. दोन्हींची लांबी पाच इंच. एका प्रकारात टोकांना आडवी पिन असते. ती बाहूच्या खोबणीत अडकवली की झाले, पाना लागत नाही. दुसऱ्या प्रकारात टोक साधे, सपाट असते आणि ते स्क्रूने दाबून धरावे लागते. ऐकताना पिनचे पाते सोयीचे वाटते. पण पिन जायला छिद्र जवळपास पाच मिलिमीटरचे लागते. जाळीतले भोकच जर तेवढे असेल तर कापायचे काय? साधे पाच नंबरचे पाते एक मिलिमीटरहून किंचित कमी रुंद आणि ०.४ मिलिमीटर जाड असते. दीड मिलिमीटरच्या छिद्रातून ते सहज जाते. दोन शून्य नंबरचे पाते तर अर्ध्या मिलिमीटरच्या जरा पुढे. बारीक जाळी हवी तर साधे पाते, आणि साधे पाते म्हणजे स्क्रू. जुन्या यंत्रात तो स्क्रू बारीक, खोल बसलेला आणि अॅलन कीशिवाय न फिरणारा.

नव्या, महाग यंत्रांनी यावर उपाय काढले आहेत. वरची पकड बोटांनी फिरवायच्या घुंडीची केली, ताणासाठी पुढच्या बाजूला खटका दिला, काहींत वरचा बाहू उचलून ठेवता येतो. मी आधी नवे यंत्र घेऊ म्हटले. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त करवतीच्या बिडाच्या टेबलावरून हात फिरवला. एका फाउंड्रीत तीस-बत्तीस वर्षे पॅटर्न मेकर म्हणून त्यांनी लाकडाचे साचे केले. ज्या आकारात बीड ओतले जाते तो आकार आधी लाकडात करणे हे त्यांचे काम. त्यांना त्या टेबलाच्या कडेचा गोलावा कुणीतरी लाकडात पटाशीने काढलेला दिसत होता. मग त्यांनी एकच अट घातली. ‘‘काय करायचं ते कर, पण बिडाला भोक पाडायचं नाही. उद्या मूळचा स्क्रू परत बसला पाहिजे.’’

जुन्या यंत्रात बदल करणाऱ्या प्रत्येकाने ही अट स्वतःला घालून घ्यावी. जे जोडायचे ते काढता येण्यासारखे असावे. काढलेले सुटे भाग चिठ्ठी लावून डबीत ठेवावेत.

पहिले काम निदानाचे. प्लग काढून वरची पकड सोडवली आणि भिंगाखाली धरली. स्क्रूचे टोक वर्षानुवर्षे पात्यावर दाबून दाबून भूछत्रासारखे पसरले होते. समोरच्या बाजूच्या ग्रब स्क्रूवर पात्याने स्वतःची खाच पाडली होती. म्हणजे पाते सपाट पृष्ठावर नव्हे, दोन खळग्यांच्या मधे कसेबसे धरले जात होते. शिवाय स्क्रूचे टोक थेट पात्यावर घासून फिरत असल्याने आवळताना पात्यालाही पीळ बसे. हे सगळे भरून काढायला अण्णा दरवर्षी स्क्रू थोडा अधिक आवळत आले होते आणि जितका आवळत तितकी खाच खोल होत होती. दोष बोटांचा होताच, पण निम्माच.

ग्रब स्क्रू नवा, सपाट टोकाचा आणला. इथे एक सावधगिरी सांगायला हवी. बाहेरून आलेल्या यंत्रातले आटे इंचातले आहेत की मिलिमीटरमधले हे आधी ओळखावे लागते. पाच मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू आणि त्याच्या जवळचा दहा नंबरचा, इंचाला ३२ आट्यांचा स्क्रू डोळ्यांना सारखेच दिसतात. आट्यांमधले अंतरही जवळपास एक. व्यासात मात्र मिलिमीटरच्या सहाव्या भागाचा फरक. मेट्रिक स्क्रू इंचाच्या भोकात जोर करून फिरवला तर आटे कायमचे जातात. म्हणून नियम असा, की स्क्रू नुसत्या बोटांनी पाच-सहा फेरे आत गेला तरच तो त्या भोकाचा. आमचे आटे मेट्रिक निघाले.

मग घुंडी. तत्त्व शाळेतले आहे. फिरवण्याचा जोर म्हणजे बोटांचा दाब गुणिले केंद्रापासूनचे अंतर. दहा मिलिमीटर व्यासाच्या डोक्याऐवजी तीस मिलिमीटरची घुंडी लावली तर तेवढ्याच दाबात तिप्पट जोर मिळतो. मी शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून तशी पोलादी घुंडी करून घेतली, कडेला बोटांना पकड मिळावी म्हणून खरखरीत रेघा पाडलेली. देखणी झाली. अण्णांनी ती हातात घेऊन तोलली आणि म्हणाले, ‘‘जड आहे.’’ मी म्हटले, ‘‘पन्नास-साठ ग्रॅम तर आहे, अण्णा.’’ ते हसले.

यंत्र सुरू केले तेव्हा टेबलावरची पेन्सिल गडगडत खाली गेली. पदार्थविज्ञान शिकवणारीने हे आधीच मोजायला हवे होते. बाहूचे टोक सुमारे २० मिलिमीटर वर-खाली होते, मिनिटाला १,४४० वेळा, म्हणजे सेकंदाला २४ वेळा. प्रत्येक वळणावर तिथल्या वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २३ पट त्वरण मिळते. बाहूच्या टोकावर वाढवलेला प्रत्येक ग्रॅम यंत्राला २३ ग्रॅमसारखा वाटतो. साठ ग्रॅमची घुंडी म्हणजे सेकंदाला २४ वेळा वर-खाली होणारा सव्वा किलोहून जास्त भार! पॅटर्न मेकरच्या तळहाताला जे एका क्षणात कळले ते मला कागदावर अर्ध्या तासाने कळले.

दुसरी घुंडी अॅल्युमिनियमची, आतून पोखरलेली, तीन पाकळ्यांची केली. पाकळ्यांमुळे चिमटीत धरावी लागत नाही, अंगठा न वापरता दोन बोटांच्या बाजूने ढकलली तरी फिरते. वजन दहा ग्रॅमच्या आत आले. स्क्रूच्या टोकाला बारीक भोक घेऊन त्यात पितळेची छोटी बोंडी बसवली, ग्रीसचा थेंब लावून, सैल. बोंडीचा व्यास चार मिलिमीटर, म्हणजे आट्यांच्या भोकातून ती बाहेरून आत जाऊ शकते. आता स्क्रू फिरतो, बोंडी मात्र पात्याला टेकली की थांबते. पात्याला पीळ बसत नाही, आणि पितळ मऊ असल्याने पात्याचे टोक त्यात जरासे रुततेही. एवढ्याने हलका हात पुरू लागला.

तरी दुसऱ्या दिवशी पाते दोनदा निसटले. आम्ही पकड पुन्हा तपासली, बोंडी काढून पाहिली. दोष निघाला पात्यात. गंज लागू नये म्हणून नव्या पात्यांवर तेलाचा पातळ थर असतो. टोके स्पिरिटने पुसून बारीक पॉलिश पेपरवर दोनदा घासली की पकड पक्की होते. पूर्वी अॅलन कीच्या जोरापुढे ते तेल लपून जायचे. हलक्या हाताने काम करायचे तर पृष्ठभाग स्वच्छ लागतो, हा धडा त्यातून मिळाला.

खालच्या पकडीला आम्ही हात लावला नाही. तिथे अॅलन कीच राहू दिली. कारण जाळी ओवताना दोन्ही टोके सोडावी लागत नाहीत. खालचे टोक बांधलेलेच ठेवायचे, वरचे सोडायचे, फळी वरून खाली अशी उतरवायची की पाते छिद्रातून वर येते, आणि वरचे टोक बांधायचे. खालची पकड फक्त पाते बोथट झाल्यावर किंवा तुटल्यावर उघडायची. ते काम मी करते. अर्धा प्रश्न असा न सोडवताच सुटला.

उरला ताण. मागची ताणाची घुंडी प्रत्येक वेळी अंदाजाने सोडायची आणि पात्याला टिचकी मारून, आवाज ऐकून पुन्हा आवळायची, ही अण्णांची पद्धत. योग्य ताणात पाते तंबोऱ्याच्या तारेसारखे स्वच्छ वाजते, सैल असेल तर भद्द. सवयीच्या कानाला ही उत्तम कसोटी आहे, पण दर भोकाला तिची गरज नसते. घुंडीवर आणि तिच्यामागच्या बिडावर पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके दिले. एकदा सूर लागला की ठिपके जुळवायचे. नंतर नेमके दोन फेरे सोडायचे, नेमके दोन फेरे आवळायचे. नव्या यंत्रातला खटका जे करतो तेच हे ठिपके करतात, जरा सावकाश. आणि प्रत्येक वेळी पाते सोडण्याआधी प्लग काढायचा, हा नियम आम्ही भिंतीवर खडूने लिहिला. पाते बदलणे सोपे झाले की घाई वाढते, आणि घाईत हात यंत्रात असताना बटण दाबले जाऊ शकते.

आता हिशेब. चौसष्ट भोकांची जाळी घेतली आणि दर भोकाला अॅलन कीने दोन मिनिटे धरली, तर नुसते सोडणे-बांधणे दोन तासांच्या वर जाते. तेच वीस सेकंदांत झाले, तर बावीस मिनिटांत आटोपते. पण वेळ हा यातला लहान भाग आहे. चौसष्ट भोके म्हणजे स्क्रू चौसष्ट वेळा सोडणे आणि चौसष्ट वेळा आवळणे, एकूण १२८ वेळा अंगठ्याच्या बुंध्याशी तीच कळ.

हे लिहिताना मी अण्णांची जुनी नमुन्यांची फाइल मागून घेतली. त्यांनी प्रत्येक वर्षीच्या मखराचा कागद तारीख घालून जपला आहे. मखराचा आकार जवळपास तोच, मधली कमान तीच. सहज म्हणून मी भोके मोजली. सर्वांत जुन्या कागदावर ११२. त्यानंतर काही वर्षे शंभराच्या आसपास. मग ८०, ६४, ५२. चादर टाकण्याच्या आधीच्या वर्षी ३८. वेलबुट्टीची पाने मोठी होत गेली होती, दोन कळ्यांची एक कळी झाली होती, मोराच्या पिसाऱ्यातले डोळे जाऊन नुसत्या रेघा उरल्या होत्या. घरात कुणाच्याच हे लक्षात आले नव्हते. उलट अलीकडची मखरे ‘सुटसुटीत’ झाली आहेत असे आम्ही कौतुकाने म्हणत होतो.

मी कागद एका ओळीत मांडले आणि अण्णांना दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले. ‘‘मला वाटायचं, मला आता असंच आवडतं,’’ ते म्हणाले.

कलेच्या इतिहासात शैली बदलते तेव्हा आपण तिची कारणे अभिरुचीत, काळात, प्रभावांत शोधतो. ती तिथे असतातच. पण एखादी नक्षी विरळ होत जाण्यामागे एक झिजलेला स्क्रूही असू शकतो, आणि तो कोणत्याही प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात येत नाही. हत्यार हाताला नाही म्हणत नाही. ते फक्त प्रत्येक भोकाला थोडे दुखवते, आणि हात हळूहळू कमी मागायला शिकतो. पुढे ते कमी मागणे हीच आपली आवड वाटू लागते. म्हणून जुने यंत्र सोपे करणे म्हणजे केवळ वृद्धापकाळाची सोय नव्हे. त्यातून काय काढता येईल याची हद्द पुन्हा मागे सरकते.

त्या वर्षी गणपतीला मखर वेळेत झाले, पण एकच, आमच्या घरचे. गल्लीतल्यांना पुढच्या वर्षीचा वायदा दिला. मूळचा स्क्रू जुन्या फिल्मच्या डबीत आहे, वर अण्णांच्या अक्षरात ‘वरची पकड, मूळ’ अशी चिठ्ठी. नव्या कागदावरची भोके मी मोजली नाहीत. मोराच्या पिसाऱ्यात डोळे परत आले होते, तेवढे मला दिसले.